आधी शब्द पाठ करू, की आधी इलियड उघडू?

प्रश्न : विदर्भातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ५४, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. शाळेत दहावीपर्यंत संस्कृत होतं आणि ते आवडायचं. होमर या प्राचीन ग्रीक कवीचं इलियड हे महाकाव्य इंग्रजी अनुवादातून वाचल्यावर हे मुळातून वाचायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. एका ऑनलाइन वर्गात अ‍ॅटिक ग्रीकची, म्हणजे अथेन्सच्या गद्याच्या भाषेची, दोन सत्रं केली. मग मोबाइलवरच्या फ्लॅशकार्डच्या अ‍ॅपमध्ये अडीच हजार शब्दांचा तयार संच घेतला आणि रोज रात्री पाऊण तास घोकायला बसू लागल्या. हे शब्द संपले की इलियड हातात घ्यायचं, असा बेत. वर्ष झालं. निम्मा संच झालाय, पण पुढचं पाठ करावं तर मागचं विसरायला होतं. मध्ये एकदा न राहवून पहिला सर्ग उघडला, तर पहिल्या दहा ओळींत ओळखीचे शब्द बोटांवर मोजण्याइतकेच. 'एवढं वर्ष गेलं कुठे?' असं वाटून पुस्तक मिटलं. घरचे म्हणतात, या वयात हे कशाला. ताई विचारतात : अजून किती शब्द झाले म्हणजे वाचायला घेता येईल? विसरणं वयामुळे आहे का? की हा नाद सोडून अनुवादावर समाधान मानावं?

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातले 'हे शब्द संपले की' हे चार शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. तुमची सगळी अडचण मला तिथेच दिसते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

होमरचे शब्द संपत नाहीत. इलियडच्या सुमारे १५,७०० ओळी आणि त्याच्याच दुसऱ्या महाकाव्याच्या, ओडिसीच्या, सुमारे १२,१००, यांत मिळून आठ-नऊ हजार वेगवेगळे शब्द येतात. त्यातही एकट्या इलियडमध्ये हजाराच्या आसपास शब्द असे आहेत, की ते त्या अख्ख्या काव्यात एकदाच भेटतात. रथाचा एखादा भाग, एखादं झाड, जखम नेमकी कुठे झाली ते सांगणारा एखादा अवयव. अडीच हजारांचा संच पुरा केलात, तरी प्रत्येक पानावर अनोळखी शब्द असणारच. पाच हजार केलेत तरी असणार. आयुष्य होमरवर घालवलेल्या प्राध्यापकांच्याही टेबलावर कोश उघडा असतो आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही.

आणि हे फक्त आपल्यासारख्या परक्यांचं नाही. खुद्द ग्रीकांना होमर कळायला शब्दार्थ लागायचे. इ. स. पूर्व ४२७ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसचं पहिलं नाटक अथेन्समध्ये झालं. ते आता पूर्ण उपलब्ध नाही, पण जे तुकडे उरलेत त्यात एक बाप आपल्या मुलाची परीक्षा घेताना दिसतो. होमरमधला 'कोरुम्ब' म्हणजे काय सांग, 'अमेनेन करेन' म्हणजे काय सांग. ग्रीक घरात, ग्रीक मुलाला, होमरच्या शब्दांचे अर्थ विचारले जात होते! पुढे ग्रीक आणि रोमन अमलाखालच्या इजिप्तमध्ये शाळकरी मुलं होमर कसा शिकत होती, त्याचे पपायरस, म्हणजे त्या काळच्या कागदावरचे लेख, सापडले आहेत. पानावर दोन रकाने : डावीकडे होमरचा शब्द, उजवीकडे रोजच्या ग्रीकमधला अर्थ. आता त्या याद्या कोणत्या क्रमाने आहेत ते बघा. वर्णानुक्रमाने नाहीत, किती वेळा येतो त्या क्रमानेही नाहीत. काव्यातल्या ओळी जशा येतात तसे त्यांचे शब्द एकाखाली एक लिहिलेले आहेत. म्हणजे मुलं शब्द शिकत होती ते पुढ्यातली ओळ वाचण्यासाठी, आणि ती ओळ वाचतानाच.

आपल्याकडे ज्ञानेश्वरी वाचणारा माणूस आधी तेराव्या शतकातल्या मराठीचा कोश पाठ करून मग पहिली ओवी म्हणायला बसत नाही. ओवी म्हणतो, खालचा अर्थ बघतो, पुन्हा ओवी म्हणतो. दोन-तीन अध्यायांनंतर खाली बघणं आपोआप कमी होतं. तुम्ही होमरच्या बाबतीत हा क्रम उलटा लावलात आणि वर्षभर दाराबाहेर थांबलात, एवढंच झालं आहे.

आता त्या संचाबद्दल. तुम्ही लिहिलंय की तो 'ग्रीकमधले सर्वाधिक वापरले जाणारे शब्द' अशा नावाचा आहे. असे बहुतेक संच प्लेटो, झेनोफोन, वक्त्यांची भाषणं असल्या गद्यावर बेतलेले असतात. 'लोगोस' (बोलणं, विचार) हा शब्द त्यात अगदी वरच्या शब्दांत असतो आणि त्याचे डझनभर अर्थ पाठ करावे लागतात. होमरच्या दोन्ही काव्यांत मिळून लोगोस दोनदा येतो. 'नोमोस' म्हणजे कायदा, तो तर होमरमध्ये एकदाही नाही. त्याच्याकडे बोलण्यासाठी 'एपोस' आणि 'मुथोस' आहेत. 'सोमा' म्हणजे शरीर हा शब्द त्याच्याकडे आहे, पण तो प्रेतासाठी येतो. जिवंत माणसाच्या देहासाठी तो वापरत नाही, हे प्राचीन काळातल्या पंडितांनीही टिपून ठेवलं होतं. उलट अंतःकरणासाठी त्याच्याकडे थुमोस, फ्रेनेस, केर, एतोर, क्रदिए असे कितीतरी शब्द आहेत आणि ते पावलोपावली भेटतात. त्यात भर म्हणजे होमरची भाषा आयोनियन आणि एओलियन बोलींच्या मिश्रणातून घडलेली. वर्गात तुम्ही षष्ठीचं रूप 'ऊ'ने संपणारं शिकलात, इथे ते पुष्कळदा 'ओइओ'ने संपतं. त्यामुळे येत असलेला शब्दसुद्धा ओळखू येत नाही. तुमच्या पहिल्या दहा ओळी परक्या वाटल्या, याचं खापर तुमच्या स्मरणशक्तीवर फोडू नका. तुम्ही एका गावाची तयारी केलीत आणि पोचलात दुसऱ्याच गावी. व्याकरणाची जी पायाभरणी झाली ती मात्र पुरेपूर कामाला येणार आहे, वर्ष कुठे वाया गेलेलं नाही.

वयाचं म्हणाल, तर वयाने काहीच फरक पडत नाही असं खोटं मी सांगणार नाही. चौदाव्या वर्षी जे दोनदा वाचून राहायचं ते आता पाचदा वाचावं लागतं. पण तुम्ही ज्या पद्धतीने पाठ करता आहात, तिने चौदा वर्षांची मुलगीही विसरेल. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सगळे प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते : मुद्दाम बनवलेली निरर्थक अक्षरं पाठ करायची, किती वेळ लागतो आणि किती विसरतं ते मोजायचं. तुमचं अ‍ॅप कार्डं ठरावीक अंतराने परत परत दाखवतं, त्यामागची मूळ कल्पना तिथली. पण त्याच पुस्तकातली दुसरी नोंद फारशी कुणी सांगत नाही. एबिंगहाउसने बायरनच्या एका काव्याची कडवीही पाठ केली आणि अक्षरांच्या तुलनेत त्याला साधारण दहावा हिस्सा कष्ट पडले. अर्थ, लय, यमक आणि गोष्ट मिळून आठवणीला धरून ठेवतात. संदर्भ तोडलेला एकटा ग्रीक शब्द आणि त्यासमोर 'भाता' हा अर्थ, हे तुमच्या मनाच्या लेखी जवळजवळ निरर्थक अक्षरासारखंच आहे. आय. एफ. स्टोन या अमेरिकन पत्रकाराने निवृत्तीनंतर, साठी उलटल्यावर, प्राचीन ग्रीक शिकायला घेतलं आणि सॉक्रेटिसच्या खटल्यावर मोठं पुस्तक लिहिलं. साठीनंतर त्याला जमलं, तुम्ही तर अजून नोकरीत आहात.

मग करायचं काय? तुमच्यापुढे तीन-चार वाटा आहेत.

एक म्हणजे नुसता मूळ ग्रीक मजकूर आणि कोश घेऊन बसणं. काही जण अभिमानाने असं करतात. यात एकेका ओळीला दहा-दहा मिनिटं जातात, आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. नोकरी सांभाळून वाचणाऱ्या माणसाला ही वाट मी सुचवणार नाही. दुसरी वाट म्हणजे समोरासमोर मूळ आणि अनुवाद असलेली प्रत. ती दिसायला सोयीची असते, पण डोळे न सांगता उजव्या पानावर सरकतात आणि महिनाभराने लक्षात येतं की आपण अनुवादच वाचत होतो. टफ्ट्स विद्यापीठाचं पर्सिअस हे डिजिटल ग्रंथालय सगळ्यांना खुलं आहे. तिथे शब्दावर बोट ठेवलं की त्याचं रूप आणि अर्थ समोर येतो. ते वरदान आहे, फक्त एक नियम स्वतःला लावून घ्या : बोट ठेवण्याआधी अंदाज करायचा, आणि तो मनातल्या मनात न राहता ओठांवर आला पाहिजे. चुकीचा अंदाज केलेला शब्द जास्त लक्षात राहतो.

मला सगळ्यात पटणारी वाट म्हणजे पानाखालीच शब्दार्थ दिलेल्या प्रती. क्लाइड फार यांचं १९२० सालचं होमरिक ग्रीकचं पाठ्यपुस्तक थेट इलियडच्या पहिल्या सर्गावरच बेतलेलं आहे; आधी अ‍ॅटिक शिकून मग होमरकडे जायचं, हा क्रमच त्यांनी मोडला. त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या आहेत. तुम्हाला व्याकरण आधीच येत असल्याने त्यातले धडे तुम्ही भराभर संपवाल. जोडीला होमरपुरता मर्यादित असलेला कोश ठेवा. रिचर्ड कनलिफ यांचा १९२४ सालचा आहे, जर्मन पंडित आउटेनरीथ यांचा त्याहून छोटा आणि जुना आहे. मोठ्या सर्वसमावेशक कोशात एका शब्दाचे शेकडो वर्षांतले अर्थ वाचत बसण्यापेक्षा हे पुष्कळ सुटसुटीत.

आता एक नमुना घेऊन दाखवते, म्हणजे मी काय म्हणते ते स्पष्ट होईल. पहिल्या सर्गातल्या ४४ ते ४७ या ओळी. म्हाताऱ्या पुजाऱ्याची प्रार्थना ऐकून अपोलो हा देव ऑलिंपस या देवांच्या पर्वतावरून खाली उतरतो.

बे दे कत् ऊलुम्पोइओ करेनोन खोओमेनोस केर,
तोक्स् ओमोइसिन एखोन अम्फेरेफेअ ते फरेत्रेन.
एक्लंक्सन द् अर् ओइस्तोइ एप् ओमोन खोओमेनोइओ,
औतू किनेथेन्तोस. हो द् एइए नुक्ति एओइकोस.

मनात संतापलेला तो ऑलिंपसच्या शिखरांवरून खाली निघाला, खांद्यांवर धनुष्य आणि दोन्हीकडून झाकलेला भाता. तो हलला तसे त्या संतप्त देवाच्या खांद्यांवर बाण खणखणले. आणि तो येत होता, रात्रीसारखा.

यातले शब्द बघा कसे भेटतात. 'खोओमेनोस', म्हणजे संतापलेला, पहिल्या ओळीत आहे आणि तिसऱ्या ओळीत रूप बदलून पुन्हा. 'ओमोस', खांदा, दुसऱ्या ओळीत आणि लगेच तिसऱ्या ओळीत. 'एक्लंक्सन', खणखणले, तीनच ओळींनी पुढे याच धातूचं नाम 'क्लंगे' येतं, चंदेरी धनुष्याचा भयंकर टणत्कार सांगताना. 'तोक्सोन', धनुष्य, तुम्ही सात-आठ ओळींपूर्वीच्या प्रार्थनेत ऐकलेलं आहे : पुजारी अपोलोला 'अर्गुरोतोक्स', म्हणजे चंदेरी धनुष्यवाल्या, अशी हाक मारतो. होमर स्वतःच उजळणी घेत असतो. कुठल्याही अ‍ॅपला असं वेळापत्रक जमणार नाही, कारण इथे प्रत्येक पुनर्भेटीला प्रसंग चिकटलेला आहे. आता 'अम्फेरेफेअ', दोन्हीकडून झाकलेला. हा शब्द होमरमध्ये पुन्हा येत नाही. त्याचा अर्थ बघा, चित्र डोळ्यांसमोर आणा आणि त्याला जाऊ द्या. त्याचं कार्ड करू नका.

एवढ्यावरून कार्डांचा नियम निघतो. शब्द पहिल्यांदा भेटला की पेन्सिलीने समासात अर्थ. दुसऱ्यांदा भेटला आणि आठवला नाही, की मगच कार्ड. कार्डावर कोशातलं मूळ रूप एकटं लिहू नका. ज्या रूपात भेटला ते रूप आणि आजूबाजूचे तीन-चार शब्द लिहा. 'एप् ओमोन', खांद्यांवर. 'बे दे', निघाला. 'बे' हे 'बैनो' या क्रियापदाचं रूप आहे हे कार्डाच्या मागे असू द्या. होमरमध्ये तुम्हाला 'बैनो' क्वचित दिसेल, 'बे' शेकडो वेळा.

क्रियापदांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. आला, गेला, म्हणाला, मारलं, घेतलं, पोचला, उठला : या दहा-पंधरा क्रियापदांची भूतकाळी रूपं चेहऱ्याने ओळखू यायला लागली, की ओळीचा सांगाडा उभा राहतो. तुम्ही संस्कृत शिकलेल्या आहात, म्हणून एक सांगते. 'अगच्छत्' मधला सुरुवातीचा 'अ' तुम्हाला माहीत आहे. ग्रीकमध्ये त्याच्या जागी 'ए' येतो, वरच्या 'एक्लंक्सन'मध्ये आहे तो. होमर तो कधी लावतो, कधी गाळतो. 'बे'मध्ये तो नाही. वेदांतही असंच चालतं. तसंच उपसर्ग क्रियापदापासून सुटा होऊन चार शब्द आधी येऊन बसतो, तेही वेदांतल्यासारखंच. आणि द्विवचनसुद्धा आहे.

संस्कृतचा उपयोग शब्दांसाठीही आहे, आणि तुमच्यासारख्या वाचकांनी तो हक्काने करावा. स्वरांत गोंधळायचं नाही, कारण ग्रीकमधले अ, ए, ओ हे तिन्ही संस्कृतात 'अ' झाले : मेनोस आणि मनस्, फेरो आणि भरामि. सुरुवातीचा 'स' ग्रीकमध्ये 'ह' होतो, म्हणून सप्त आणि हेप्त. ध, भ यांच्या जागी थ, फ. एवढं लक्षात ठेवलं तर इलियडच्या नायकाचं, अकिलीसचं, सुप्रसिद्ध बिरूद 'पोदस ओकुस' तुम्ही परत विसरणार नाही : पोदस म्हणजे पद, ओकुस म्हणजे आशु, पायांनी चपळ. ओडिसीच्या नायकाला, ओडिसियसला, लावलेलं 'दिओस' म्हणजे दिव्य. पुजाऱ्याच्या प्रार्थनेतलं 'क्लुथि', ऐक, म्हणजे ऋग्वेदातलं 'श्रुधि'. नवव्या सर्गात अकिलीस म्हणतो, की इथे राहून लढलो तर परत जाणं नाही, पण 'क्लेओस अफ्थितोन' मिळेल, कधीही न झिजणारी कीर्ती. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या नवव्या सूक्तात इंद्राकडे 'श्रवः' मागितलं आहे, 'अक्षितम्'. हे साम्य आडालबेर्ट कून यांनी १८५३ मध्ये दाखवून दिलं आणि तिथून इंडो-युरोपियन काव्यभाषेच्या अभ्यासाची एक शाखाच निघाली. मी पहिल्यांदा हे दोन शब्द शेजारी शेजारी पाहिले तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नव्हतं.

सावध मात्र राहा. 'थेओस' म्हणजे देव खरा, पण देव या शब्दाशी त्याचं नातं नाही. देव शब्दाचं नातं 'ज़ेउस'शी, म्हणजे ग्रीकांच्या देवराजाच्या नावाशी, आणि 'दिओस'शी. 'थुमोस' आणि 'धूम' एकाच मुळाचे, पण थुमोस म्हणजे धूर नव्हे, माणसाच्या छातीतली ऊर्मी. संस्कृतने शब्द ओळखीचा होतो, अर्थ होमरच्या ओळीवरूनच ठरवायचा.

दोन गोष्टींत आपल्याला जन्मजात सोय आहे, त्यांचाही उल्लेख करते. प्राचीन ग्रीकमधले थ, फ, ख हे खरोखरीचे महाप्राण होते. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यांना ते उच्चारताना कष्ट पडतात, आपल्याला काहीच करावं लागत नाही. आणि होमरचं वृत्त लघु-गुरूंवर चालतं, इंग्रजी कवितेसारखं आघातांवर नाही. शाळेत 'यमाताराजभानसलगा' म्हटलेलं असेलच. होमरच्या ओळीत सहा गट असतात. गुरु, लघु, लघु, म्हणजे आपला 'भ' गण. त्याच्याऐवजी कुठे कुठे दोन गुरु, आणि शेवटचा गट नेहमी दोन अक्षरांचा. हे कानाला सवयीचं झालं की ओळ मोठ्याने म्हणता येते, आणि मोठ्याने म्हटलेली ओळ शब्दांसकट राहते. ताई, मोठ्याने वाचाच. घरी संकोच वाटत असेल तर गच्चीवर जा.

याच वृत्तामुळे होमरच्या शब्दसंग्रहाचं एक गुपित तयार झालं आहे. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९२०-३०च्या दशकांत दाखवून दिलं, की ही काव्यं तोंडी गाणाऱ्यांच्या परंपरेतून आली आणि गायक ओळीच्या ठरावीक जागांत बसणारे तयार शब्दसमूह वापरत. दोन्ही काव्यांतल्या जवळपास एक तृतीयांश ओळी पूर्ण किंवा अंशतः पुन्हा येतात. 'तोन द् अपमेइबोमेनोस प्रोसेफे', म्हणजे त्याला उत्तर देत म्हणाला, हे शंभराहून अधिक वेळा येतं. 'एपेअ प्तेरोएन्त', पंख असलेले शब्द, तेही तितकंच. एकदा शिकलात की पुढच्या शंभर ठिकाणी अर्धी ओळ फुकट मिळते. म्हणून सुटा शब्द शिकण्यापेक्षा असा आख्खा समूह एकच शब्द समजून शिका. यज्ञाचा प्रसंग पहिल्या सर्गात ४५८ ते ४६९ या ओळींत आहे. त्यात मांस कापणं, भाजणं, वाटणं असे तांत्रिक शब्द खच्चून भरलेत आणि तुम्ही वैतागाल. तिथे मुक्काम करा, दोन दिवस जास्त लागू देत. दुसऱ्या सर्गात ४२१ व्या ओळीपासून तेच बहुतांशी शब्दशः परत येतं, आणि अख्खं पान एका दमात वाचल्याचा आनंद तुम्हाला पहिल्यांदा तिथे मिळेल.

बिरुदं आणि विशेषणं लांबलचक असतात, पण ते आपल्याच ओळखीचे समास आहेत. रोदो-दक्तुलोस, गुलाबी आहेत बोटं जिची ती, म्हणजे उषा. पोलु-मेतिस, पुष्कळ आहे चातुर्य ज्याचं तो. बहुव्रीहीचा विग्रह तुम्ही दहावीत केला आहे. तुकडे शिका, 'पोलु' एकदा आला की पन्नास शब्द अर्धे येतात.

शब्दांची यादी अजिबात नको असं मी म्हणत नाही. तिचं काम वेगळं आहे. दे, ते, अर, गर, के, पेर, औतर असली इवलीशी अव्ययं आणि सर्वनामं ओळीचा मोठा भाग व्यापतात, त्यांची यादी आधीच करून भिंतीवर लावा. आणि पहिला सर्ग संपला, की विल्यम ओवेन आणि एडगर गुडस्पीड यांनी १९०६ मध्ये शिकागोहून काढलेली होमरची शब्दसूची घ्या. तीत दोन्ही काव्यांत दहा किंवा जास्त वेळा येणारे शब्द, जास्त वेळा येणाऱ्यांपासून कमी वेळा येणाऱ्यांपर्यंत, गटवार दिले आहेत. बाजूला खूण करत जा. ओळखीचे किती झाले ते दिसेल, आणि जे पन्नासहून जास्त वेळा येतात पण तुम्हाला अजून भेटले नाहीत ते तेव्हा पाठ करा. वाचन आधी, यादी नंतर. यादीने फक्त भोकं बुजवायची.

रोजचा हिशेब साधा ठेवा. पाऊण तास मिळतो ना? पहिली पंधरा मिनिटं कालच्या ओळी मोठ्याने, अर्थ न बघता. मग नव्या आठ-दहा ओळी. शेवटची पाच मिनिटं कार्डं. पहिला सर्ग ६११ ओळींचा आहे, रोज दहा ओळी झाल्या तर दोन महिन्यांत पुरा होतो. आजारपण, परीक्षांचे पेपर तपासणं, पाहुणे धरून तीन महिने समजा. आणि लगेच पुढे धावू नका. तोच सर्ग पुन्हा पहिल्यापासून वाचा. दुसऱ्या फेरीत वेग कित्येक पटींनी वाढलेला दिसेल, आणि शब्द पक्के होतात ते याच फेरीत. नवीन पानं उलटण्याच्या घाईत लोक नेमकी ही फेरी सोडतात.

पुढे दुसऱ्या सर्गाच्या उत्तरार्धात जहाजांची आणि सरदारांची लांबलचक यादी आहे. ती बिनदिक्कत वगळा. उपमा आल्या, सिंह, मेंढरं, वादळ, कापणी, की दुर्मीळ शब्दांची गर्दी होणार हेही आधीच माहीत असू द्या. तिथे अनुवादाचा आधार घेण्यात काही गैर नाही. अनुवादाशी तुमचं भांडण नाहीच. आधी तो सर्ग अनुवादात वाचा, मग मूळ वाचा. काय घडणार ते माहीत असलं की अर्धे शब्द संदर्भानेच कळतात. ग्रीक श्रोत्यांनाही गोष्ट आधीच ठाऊक असायची.

जे वाचक इलियडऐवजी ओडिसीपासून सुरुवात करू बघताहेत, त्यांनी नवव्या सर्गापासून करावी, एकाक्ष राक्षसाच्या गुहेपासून. ५६६ ओळी आहेत, गोष्ट पकडून ठेवते, आणि जेफ्री स्टेडमन यांनी नऊ ते बारा या सर्गांची पानाखाली शब्दार्थ दिलेली प्रत इंटरनेटवर मोफत ठेवली आहे.

घरच्यांच्या 'कशाला'ला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पण चौदाव्या शतकात पेत्रार्क या इटालियन कवीला कॉन्स्टँटिनोपलहून होमरची ग्रीक हस्तलिखित प्रत भेट आली. त्याला ग्रीक जेमतेम येत होतं. १३५४ च्या सुमारास त्याने आभाराच्या पत्रात लिहिलं, की होमर माझ्यापुढे मुका आहे, किंवा मीच त्याच्यापुढे बहिरा आहे. तरी ती प्रत तो छातीशी धरत असे. त्याच्याकडे ना पाठ्यपुस्तक होतं, ना होमरचा कोश, ना पर्सिअस. तुमच्याकडे सगळं आहे, शिवाय संस्कृत आहे.

पहिल्या सर्गाच्या दोन फेऱ्या झाल्या की थेट सहाव्या सर्गावर जा. ५२९ ओळींचा आहे. ४२९ व्या ओळीत अँड्रोमाखी लढाईवर परत निघालेल्या नवऱ्याला, हेक्टरला, म्हणते : 'हेक्तोर, अतर सु मोइ एस्सि पतेर कै पोत्निअ मेतेर'. तिचे वडील आणि सात भाऊ अकिलीसने मारलेत, आईही गेली. ही ओळ एकदा हळू म्हणून बघा. सु म्हणजे त्वम्, मोइ म्हणजे मे, एस्सि म्हणजे असि, पतेर, मेतेर. 'अतर' आणि 'कै' ही अव्ययं तुमच्या भिंतीवर असतील. 'पोत्निअ' म्हणजे पूज्य, आणि तिचं नातं आपल्या 'पत्नी'शी आहे.

आज रात्री जुना संच अ‍ॅपमध्ये थांबवून ठेवा, पुसू नका. पुढे प्लेटो वाचायला घ्याल तेव्हा लागेल. नवा रिकामा संच उघडा, त्याला 'इलियड १' असं नाव द्या आणि पहिल्या पाच ओळी मोठ्याने वाचा. कार्ड एकही करू नका. उद्या त्याच पाच ओळी परत वाचा, आणि जो शब्द उद्याही अडेल, त्याचं पहिलं कार्ड.